राजा नेला, आसन राहिलं

असांतेच्या राजाला, प्रेम्पेह पहिल्याला, इंग्रजांनी खंडणी थकवली म्हणून पकडलं असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. हे खरंय, पण अर्धंच.

असांते म्हणजे आजच्या घानातला मधला जंगलपट्टा, राजधानी कुमासी. इंग्रज त्याला ‘अशांती’ लिहायचे, आपल्याला वाचताना गंमत वाटते पण अर्थाशी संबंध शून्य. १८७४ ला इंग्रज सेनापती वोल्सलीने कुमासी जाळली आणि तहात ५०,००० औंस सोन्याचा दंड लावला, त्यातलं थोडंसंच भरलं गेलं. प्रेम्पेह १८८८ ला गादीवर आला तेव्हा विशीसुद्धा गाठलेली नव्हती आणि वारसाच्या भांडणात राज्य पार खिळखिळं झालेलं. ते त्याने आणि त्याच्या आईने, राजमाता ‘या अक्या’ने (तिथे राजा ठरवताना राजमातेचा शब्द मोठा) हळूहळू परत जुळवत आणलं आणि माझ्या मते तेच इंग्रजांना खुपलं. १८९१ ला ‘आमच्या संरक्षणाखाली या’ असा प्रस्ताव आला, त्याने गोडीत नाही म्हणून सांगितलं, मैत्री ठेवू पण राज्य आमचं. त्यात एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला टोगोत जर्मन, ते आधी घुसले तर काय ही इंग्रजांना धास्ती. १८९५ ला प्रेम्पेहने आपले वकील थेट लंडनला पाठवले, तिथे त्यांना राणीची भेट काही मिळाली नाही आणि इकडे फौज निघाली पण.

जानेवारी १८९६ मध्ये फौज कुमासीत शिरली, प्रेम्पेहने गोळी झाडू दिली नाही. २० तारखेला बिस्किटांच्या खोक्यांच्या ओट्यावर गव्हर्नर मॅक्सवेल बसला, राजाने डोक्यावरचा पट्टा आणि पायातल्या वहाणा काढल्या आणि आईबरोबर जाऊन त्याचे पाय धरले, सगळ्या प्रजेसमोर. मग जुना हिशोब निघाला, ५०,००० औंस आत्ता भरा. तो म्हणाला आत्ता ६८० देतो, बाकीचं हप्त्याने. ते ऐकलं नाही, तिथेच अटक, आई, वडील, सरदार सगळ्यांना. आधी एल्मिनाचा किल्ला, मग सिएरा लिओन आणि १९०० ला सेशेल्स. राजाला मारायचं नाही, समुद्रापलीकडे नेऊन ठेवायचं, रत्नागिरीच्या थिबा राजाचं झालं तेच.

राजा गेला म्हणजे विषय संपला असं इंग्रजांना वाटलं, तर १९०० मध्ये गव्हर्नर हॉजसनने कुमासीत भर सभेत विचारलं, सोन्याचं आसन कुठाय, मला बसायला का नाही आणलं? आता त्या आसनावर खुद्द राजाही बसत नाही, त्यात अख्ख्या असांतेचा आत्मा आहे अशी श्रद्धा. असांतेतल्याच एजिसूची राजमाता ‘या असांतेवा’ लढायला उठली, काही महिने युद्ध चाललं, शेवटी ती पकडली गेली, तिलाही सेशेल्सला पाठवलं आणि १९२१ मध्ये ती तिथेच वारली. आसन मात्र लपवलेलं होतं ते इंग्रजांच्या हाती लागलंच नाही.

प्रेम्पेह तिकडे इंग्रजी शिकला, ख्रिश्चन झाला, १९०७ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास लिहवून घ्यायला लागला. आई १९१७ ला तिथेच गेली. १९२४ ला परत यायची परवानगी मिळाली ती ‘मिस्टर एडवर्ड प्रेम्पेह’ म्हणून, साधा नागरिक, राजा वगैरे काही नाही. दोन वर्षांनी फक्त कुमासीचा प्रमुख केलं. लोकांच्या लेखी तो असांतेहेनेच, म्हणजे अख्ख्या असांतेचा राजाच होता. १९३१ ला तो वारला, आणि ती पदवी सरकारने अधिकृतपणे परत दिली १९३५ मध्ये, त्याच्या भाच्याला.