आधी पूल, मग रेल्वे: नवी मुंबईत गाडीवाचून राहण्याची पार्श्वभूमी

नवी मुंबईत चारचाकी नसलेल्या माणसाला रोज जो वळसा पडतो, जी रिक्षाची रांग लावावी लागते, ती या शहराच्या मूळ कल्पनेत नव्हती. 1965 मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ठाणे खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याचा प्रस्ताव मांडला. मुंबईत सकाळी सगळे दक्षिणेकडे धावायचे आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतायचे. घरांबरोबर नोकऱ्याही खाडीपलीकडे नेल्या तर ही धाव कमी होईल, असा त्यांचा विचार होता. 1970 मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं मिळून 344 चौरस किलोमीटरचा आराखडा तयार झाला. एकच मध्यवर्ती भाग न ठेवता 14 नोड म्हणजे छोटी उपनगरं, त्यांना जोडणारी रेल्वे, स्थानकालगत कार्यालयं आणि बाजार, आणि घरापासून स्थानकापर्यंत पायी जाता यावं अशी आखणी होती. ज्या गावांची जमीन या शहरासाठी गेली, तिथली माणसं तर आधीपासूनच होडीने, एसटीने आणि पायीच फिरत होती.

मग बिघडलं कुठे? कामांच्या क्रमात.

ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल 1973 मध्ये सुरू झाला. त्याच्या जोडीची रेल्वे मानखुर्दहून वाशीला पोहोचली मे 1992 मध्ये. मधली 19 वर्षं वाशी आणि आसपासचे नोड रस्त्याच्या भरवशावर वाढले. सिडकोने बीएमटीसी नावाची बससेवा चालवली, पण ती ऐंशीच्या दशकात बंद पडली. त्यानंतर बेस्ट आणि एसटी यांच्यावरच भिस्त राहिली. नवी मुंबई महापालिकेची स्वतःची बससेवा एनएमएमटी आली 1996 मध्ये. शहराची सवय पहिल्या काही वर्षांत पडते. त्या काळात वाशीत राहायला आलेल्या कुटुंबाने पैसे साठवून आधी स्कूटर घेतली, जमलं तेव्हा गाडी घेतली, तर त्यात त्याचं काय चुकलं? दुसरा विश्वासाचा पर्याय समोर नव्हता. दरम्यान रस्तेही रुंद होत गेले, सेक्टर एकमेकांपासून लांब गेले.

रेल्वेला एवढा उशीर होण्यामागे पैशाचा प्रश्न मोठा होता. तो सुटला सिडकोने खर्चाचा 67 टक्के भार उचलल्यावर. रेल्वेने 33 टक्के दिला. त्यातला काही पैसा या मार्गावरच्या तिकिटावर अधिभार लावून वसूल झाला. म्हणजे लोकलने जाणाऱ्याने आपल्या रेल्वेसाठी तिकिटाबरोबर वेगळे पैसे मोजले. हे आठवून ठेवायला हवं, कारण गाडीवाल्यांना उलट सूट मिळाली: ऑक्टोबर 2024 मध्ये वाशी आणि ऐरोलीसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला.

नोकऱ्यांचं गणितही अर्धवट राहिलं. राज्य सरकारचा कारभार खाडीपलीकडे हलेल ही अपेक्षा होती. बेलापूरला कोकण भवन हे सरकारी कार्यालयांचं संकुल उभं राहिलं, मंत्रालय मात्र जागचं हललं नाही, आणि नरिमन पॉइंटही वाढत राहिला. त्यामुळे नव्या शहरातली हजारो माणसं पुन्हा मुंबईकडेच धावू लागली. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसी औद्योगिक वसाहतीत काम भरपूर होतं, पण तिथे पोहोचायचं कंपनीच्या बसने, नाहीतर शेअर रिक्षाने. ठाणे-वाशी लोकल धावली 2004 मध्ये. एका बाजूला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला कारखाने आणि पुढे आलेली आयटी पार्कं, मधून रेल्वे. घर, काम आणि स्थानक एकमेकांच्या जवळ असावं हा आराखड्यातला विचार इथे सर्वांत जास्त खरा ठरला, असं मला वाटतं. आज गाडीवाचून नोकरी करायची असेल तर नवी मुंबईतला हाच पट्टा सर्वांत सोयीचा आहे.

शेजारच्या ठाण्याचं उदाहरण उलट दिशेने बोलकं आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली आणि शहर स्थानकाला चिकटून वाढलं. नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड, तलावपाळी इथे आजही पायी सगळी कामं उरकतात. पण त्याच ठाण्याने घोडबंदर रस्त्यावर आधी टॉवर उभे केले; मेट्रोचं काम त्यानंतर सुरू झालं. कासारवडवलीच्या माणसाला ठाणे स्टेशन गाठण्यातच दमछाक होते ती यामुळे.

खारघरमध्येही तसंच घडलं. स्थानक नोडच्या एका टोकाला आणि वस्ती तळोज्याच्या दिशेने लांबवर पसरलेली. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि 11 किलोमीटरचा तो मार्ग खुला झाला 17 नोव्हेंबर 2023 ला. तोवर खारघरच्या कितीतरी इमारतींखालचं पार्किंग भरून गेलं होतं.

12 जानेवारी 2024 या एका दिवशी दोन उद्घाटनं झाली. शिवडी ते न्हावा शेवा हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, आणि खारकोपर ते उरण लोकलही. सेतूवर दुचाकी, रिक्षा, सायकल आणि पादचारी यांना मनाई आहे; गाडीला एका फेरीचा 250 रुपये टोल ठरला. सार्वजनिक सेवेच्या मोजक्या बस त्यावरून जातात, तेवढाच गाडी नसलेल्याचा वाटा. उरणकरांनी लोकलची वाट किती वर्षं पाहिली ते मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या कुणालाही विचारावं. बातम्यांत मात्र सेतूच जास्त दिसला.

गाड्या वाढण्याचं आणखी एक कारण इमारतींच्या नियमांत आहे. सदनिकेच्या आकाराप्रमाणे वाहनतळाची जागा ठेवणं बिल्डरला बंधनकारक असतं. त्यासाठी पोडियमचे, म्हणजे इमारतीच्या तळाचे पार्किंगचे मजले बांधायला येणारा खर्च शेवटी घरांच्या किमतीतच येतो, त्यामुळे गाडी न घेणारं कुटुंबही त्यातला वाटा भरतं. बस थांब्यापर्यंतचा पदपथ सलग असावा यासाठी मात्र तेवढा आग्रह दिसत नाही. उलवे आणि द्रोणागिरी या नोडमध्ये अजून बरेच भूखंड मोकळे आहेत. तिथे आधी बसचे मार्ग आणि पदपथ पक्के करून मगच टॉवरना परवानगी देणं आजही सिडकोच्या हातात आहे.