केंद्राचा आरोग्य निधी पीएचसीपर्यंत येतो कसा?

प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे आपल्या पीएचसीत, लसींचा एक फ्रिज असतो, त्याला तिथले लोक आयएलआर म्हणतात. आतलं तापमान २ ते ८ डिग्रीच पाहिजे, वर गेलं की लसीचा दम कमी होतो आणि पेंटाव्हॅलेंटसारखी, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र, लस गोठली तर ती फेकूनच द्यावी लागते, म्हणून रोज दोनदा थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहितात. बाळांच्या लसीकरणाची लस केंद्र सरकार स्वतः खरेदी करून पाठवतं. पण त्या फ्रिजचा प्लग जळाला तर? त्याचे दोन-चारशे रुपये कुठल्या खात्यातून काढायचे? मला तर वाटतं आरोग्याच्या पैशाचं सगळं गणित या प्लगपाशी येऊन कळतं.

आता मुळात आपल्या घटनेत आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. तरी केंद्र पैसे देतं, त्याचा मोठा रस्ता म्हणजे एनएचएम, राष्ट्रीय आरोग्य अभियान. ग्रामीण भागासाठी ते १२ एप्रिल २००५ ला सुरू झालं, २०१३ मध्ये शहरंही आली. बहुतेक राज्यांत केंद्राचे ६० रुपये आणि राज्याचे ४०, ईशान्येकडे आणि हिमालयातल्या राज्यांत ९० आणि १०. म्हणजे नुसतं दिल्लीकडे बघून भागत नाही, राज्याला पण आपला वाटा वेळेत टाकावा लागतो.

मागणी खालून वर जाते. जिल्हे आपापली गरज लिहून देतात, त्यातून राज्याचा पीआयपी नावाचा आराखडा होतो, दिल्लीत त्यावर बैठक बसते आणि मंजुरीचा जो कागद येतो तो आरओपी. त्या कागदात ज्या कामाची ओळ आहे त्यालाच पैसे. मग पैसा केंद्राकडून राज्याच्या तिजोरीत, तिथून राज्य आरोग्य सोसायटीकडे, म्हणजे राज्यात हे अभियान चालवणाऱ्या संस्थेकडे, मग जिल्हा, तालुका असा उतरतो, आणि आधीचा खर्च दाखवणारं युटिलायझेशन सर्टिफिकेट अडकलं की पुढचा हप्ताही अडकतो. हिशोब पाहिजेच, जनतेचा पैसा आहे, पण हप्ता लांबला की कंत्राटी नर्सचा पगार लांबतो, आणि ती मात्र रोज ड्युटीवर येतच असते, हे मला फार लागतं.

आणि प्लगची ओळ आरओपीत कोण लिहिणार? त्यासाठीच अबंधित निधी, म्हणजे ठराविक कामाला न बांधलेला पैसा, ठेवलाय. पीएचसीची रुग्ण कल्याण समिती तो तिथल्या तिथे ठरवून खर्च करू शकते, अशा बारीक दुरुस्त्या त्यातूनच होतात. गावपातळीवर सुद्धा आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छतेची एक समिती असते, तिच्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. रक्कम छोटी आहे, पण विहिरीभोवतीची घाण काढायला किंवा एखाद्या गरीब बाईला रात्री गाडी करून दवाखान्यात न्यायला वर कुणाची परवानगी मागत बसावं लागत नाही. तुमच्या गावात यंदा ते पैसे कशावर खर्च झाले हे ग्रामसभेत उभं राहून विचारा, तो हिशोब गावापुढे मांडायचाच असतो.