ताकद-बुद्धी अदलाबदल (मानवी उत्क्रांती)

माणसाचा मेंदू मोठा होत गेला आणि त्याचं बिल अंगातल्या ताकदीनं भरलं, अशी ही कल्पना. 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' लहानपणापासून डोक्यात बसलेलं असल्यामुळे ती ऐकताक्षणी पटते, पुराव्याकडे गेलं की मात्र गुंता सुरू होतो.

मूळ मुद्दा खर्चाचा. मेंदू वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर नुसतं बसून जी ऊर्जा जाळतं त्यातली २० टक्क्यांच्या आसपास तो एकटा खातो. लेस्ली आयलो आणि पीटर व्हीलर यांनी १९९५ मध्ये 'महागड्या ऊती'चा सिद्धांत मांडला, त्यात काटकसर आतड्यात झाली असं म्हटलंय, स्नायूंत नाही, आणि नेमकं हेच लोक विसरतात. २०११ मध्ये १०० जातींचे सस्तन प्राणी तपासले तेव्हा मोठा मेंदू म्हणजे लहान आतडं असं काही दिसलं नाही. पुढे २०१६ च्या मोजणीत माणूस चिंपांझीपेक्षा दिवसाला साधारण ४०० कॅलरी जास्त खर्च करतो असं निघालं, म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकण्यापेक्षा मिळकतच वाढली असावी.

खरा वाद जबड्याच्या जनुकाचा. कानशिलावर बोट ठेवून फुटाणे चावले की खाली एक स्नायू हलताना लागतो, गोरिल्ला नरात तोच इतका जाड असतो की त्याला धरायला कवटीच्या माथ्यावर हाडाची कडा उठते. चावण्याच्या स्नायूंत चालणारं एमवायएच१६ हे जनुक माणसात बिघडलेलं आहे, डीएनएतली दोन अक्षरं गळाल्यामुळे त्याचं प्रथिन बनतच नाही, इतर वानरांत ते शाबूत आहे. हॅन्सेल स्टेडमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा बिघाड अंदाजे २४ लाख वर्षांपूर्वीचा धरला आणि जबड्याचा ताण सुटल्यावर कवटी वाढायला मोकळी झाली असं सुचवलं. तारीख होमो प्रजातीच्या सुरुवातीशी छान जुळत होती, जरा जास्तच छान. २००५ मध्ये दुसऱ्या गटानं जनुकाचा जास्त लांब तुकडा घेऊन तीच तारीख सुमारे ५३ लाख वर्षांवर नेली, आणि ती बरोबर असेल तर भक्कम जबड्याचे ऑस्ट्रॅलोपिथेकस, म्हणजे होमोच्या आधीचे दोन पायांवर चालणारे पूर्वज, त्या बिघाडानंतरचे ठरतात, मग जबडा लहान होण्याचं श्रेय एकट्या या जनुकाला कसं द्यायचं? ५३ लाखांची तारीख जास्त विश्वासाची वाटते. शिवाय कवटी मेंदूच्या वाढीनं ताणली जाते, चावण्याचा स्नायू तिला आवळून धरत नाही, असाही शरीररचनावाल्यांचा आक्षेप आहे.

ताकदीच्या आकड्यांत सुरुवातीला बरीच फुगवाफुगवी झाली. १९२० च्या दशकात ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या सुझेट नावाच्या चिंपांझी मादीनं १२६० पौंडांच्या जोरानं ओढल्याची नोंद झाली आणि चिंपांझी माणसाच्या पाचपट ताकदवान ही समजूत अजून फिरते. १९४३ च्या चाचण्यांत एवढा फरक आला नाही. २०१७ च्या अभ्यासात चिंपांझीच्या स्नायूचा जोर माणसाच्या सुमारे १.३५ पट निघाला, कारण त्यात झटक्याचे वेगवान तंतू ६७ टक्के आहेत, आपल्यात संथ तंतू जास्त. त्यामुळे ताकद बुद्धीसाठी गेली म्हणण्यापेक्षा दमसासासाठी, मैलोन्‌मैल चालण्या-पळण्यासाठी गेली, असं म्हणणं जास्त पटतं. तरी २०१४ च्या एका अभ्यासात चिंपांझीपासून फुटल्यापासून माणसाच्या स्नायूंतला चयापचय मेंदूतल्यापेक्षाही वेगानं बदललेला दिसला, त्यामुळे कल्पना अगदीच मोडीत निघालेली नाही.

निअँडरथल, म्हणजे आपला नामशेष झालेला भाऊबंद, मात्र या हिशेबात बसत नाही, हाडापेरानं दणकट आणि मेंदू आपल्याएवढा किंवा किंचित मोठाच.

भारतातून सांगण्यासारखं थोडं. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हाथनोरा इथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग सापडला, मेंदूच्या आकारमानाचे अंदाज ११५५ ते १४२१ घनसेंमी. त्या कवटीसोबत जबडा नाही, त्यामुळे वरच्या वादात ती कुठल्याच बाजूनं साक्ष देत नाही.