खळ्यातले पंचवीस फूट

मे महिन्यात गुहागरला वहिनींच्या खळ्यात चुन्याच्या दोन रेघा मारल्या, मधे पंचवीस फूट. एमएसच्या, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णाची चाल डॉक्टर याच अंतरावर मोजतात. सकाळी सातला वहिनी काठी टेकत ९ सेकंदांत पोचल्या. दुपारी दोनला, घामाने अंग चिकचिकत असताना, १४ लागले.

या आजारात प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण कुरतडते. विहिरीवरच्या पंपाची वायर उंदराने सोलावी तसं. सोललेल्या तंतूतून संदेश जेमतेम जातो, आणि अंग थोडं तापलं तरी वाटेतच विझतो. गारव्यात पुन्हा जाऊ लागतो. अंगमेहनतीनंतर रुग्णाची नजर मंदावते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्येच नोंदवलं होतं; त्यामागे तापलेलं अंग आहे, हे नंतर कळलं.

वहिनींच्या भावाने मुंबईहून एक पत्रक आणलंय : स्टेम सेल घ्या, चालू लागा. या एका नावाखाली दोन वेगळे उपचार खपतात. पहिल्यात रुग्णाच्याच रक्तातल्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, काढून ठेवतात, जबर केमोथेरपीने बिघडलेली प्रतिकारशक्ती पुसतात आणि पेशी परत देतात. त्या तंतू सांधत नाहीत. कुरतडणारा उंदीर तेवढा हटतो. २०१९ च्या एका चाचणीत, अधूनमधून झटके येणाऱ्या ११० रुग्णांपैकी, प्रत्यारोपण झालेल्या गटात ३ जणांचा आजार वाढला, औषधांवरच्या गटात ३४ जणांचा. जंतुसंसर्ग आणि वंध्यत्वाचा धोका मात्र खरा आहे.

पत्रकात आहे तो दुसरा : अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल नावाच्या वेगळ्या मूळपेशी. जेरुसलेमच्या ४८ रुग्णांच्या चाचणीत त्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडल्यावर चाल सुधारली. पण नऊ देशांतल्या १४४ जणांना शिरेतून दिल्या, तेव्हा मेंदूतल्या नव्या जखमा काही कमी झाल्या नाहीत. आणि वेष्टणाच्या आतली तारच तुटली असेल, तर ती जोडायचं तंत्र आज कुणाकडे नाही. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही इंजेक्शनं मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देताच येत नाहीत, पैसे घेऊन तर नाहीच.

मला खटकतं ते वेगळंच. पंचवीस फुटांच्या चाचणीत साधारण पाचव्या हिश्शाहून कमी फरक जमेस धरत नाहीत. वहिनींचा फरक एकाच दिवसात, औषधाशिवाय, त्याहून कितीतरी मोठा. मेच्या दुपारी व्हिडिओ काढा, इंजेक्शन द्या, डिसेंबरच्या सकाळी पुन्हा काढा. पत्रकातला चमत्कार तयार! म्हणून तर अर्ध्या रुग्णांना नुसतं खारं पाणी टोचून तुलना करावी लागते.

पत्रक आता खुंटीला आहे, शेजारी तारखा आणि सेकंदांची वही. पावसात खळ्यात शेवाळ धरतं, म्हणून मोजणी ओटीवर. ओटी अठराच फुटांची. उरलेले सात फूट वहिनी माजघरात चालतात.