अर्ध्या तासाच्या बेक्ड बीन्समागची रात्रभराची भट्टी

अमेरिकेत उन्हाळा लागला की अंगणात शेगड्या निघतात, मांस भाजायचे बेत ठरतात आणि सोबतीला बेक्ड बीन्स, म्हणजे आंबटगोड रसात भाजून आटवलेले घेवड्याचे दाणे, हवेतच. त्यांची आज सर्वात चालणारी सोपी कृती अशी: बिडाच्या जाड स्किलेटमध्ये (पसरट, उथळ तव्यात) बेकनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे परतायचे, सुटलेल्या चरबीत कांदा लालसर करायचा, डबाबंद बीन्स, ब्राउन शुगर, मोहरीची पेस्ट, केचप आणि थोडं व्हिनेगर घालून ढवळायचं आणि तेच भांडं उचलून ओव्हनमध्ये सरकवायचं. अर्ध्या-पाऊण तासात रस आटतो, कडा चिकट आणि काळपट होतात. झाले बीन्स.

कृती सोपी आहे यात शंका नाही. पण ती सोपी आहे, कारण डब्यातले बीन्स कुणीतरी आधीच शिजवून ठेवलेत. कडधान्य शिजायला लागणारा वेळ टळत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. बेक्ड बीन्सचा गेल्या चार शतकांचा इतिहास म्हणजे बराचसा या वेळेच्या ढकलाढकलीचा इतिहास आहे.

मुळात हे बी अमेरिका खंडाचं. मेक्सिकोकडचा भाग आणि अँडीज पर्वतरांग अशा दोन ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना, माणसांनी हे वेल लागवडीखाली आणले. कोलंबसानंतरच्या जहाजांनी ते जगभर गेले. आपला राजमा, श्रावणघेवडा, भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडा आणि बॉस्टनच्या हंडीतले बारीक पांढरे नेव्ही बीन्स हे सगळे एकाच प्रजातीचे वाण आहेत. ईशान्य अमेरिकेतले मूळ रहिवासी मक्याच्या ताटावर घेवडा चढवत आणि खालच्या जमिनीवर भोपळा पसरवत.

याच लोकांनी मेपलचा पाक आणि अस्वलाची चरबी घालून बीन्स भाजायला इंग्रज वसाहतवाल्यांना शिकवलं, अशी गोष्ट तिकडे सर्रास सांगतात. मला ती जरा जास्तच नीटस वाटते. वाळवलेले ब्रॉड बीन्स (बाकला, ही वेगळीच प्रजात) आणि खारवलेलं डुकराचं मांस एकत्र शिजवायची सवय वसाहतवाले इंग्लंडहूनच घेऊन आले होते. अमेरिकेत आल्यावर फक्त बी बदललं. शिवाय गोडाचं प्रकरण तेव्हापासूनचं असतं, तर 1829 साली बॉस्टनमध्ये निघालेल्या लिडिया मारिया चाइल्ड यांच्या गृहिणींसाठीच्या पुस्तकात ते दिसायला हवं होतं. तिथल्या बेक्ड बीन्समध्ये गोड काहीच नाही. बीन्स रात्री भिजवायचे, सकाळी धुऊन मांसाबरोबर तासभर गरम पाण्यात ठेवायचे, क्वार्टभर (साधारण लिटरभर) बीन्सला पौंडभर मांस पुरे, आणि मग भट्टीत तीन-चार तास. वर थोडी मिरपूड, कारण तिने बीन्स कमी बाधतात म्हणे. वालात ओवा आणि उसळीत हिंग घालणाऱ्यांना हे निराळं समजावून सांगायला नको.

आता बॉस्टन. 1630 मध्ये तिथे वसलेले प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाचे लोक शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, फार कडक पाळत आणि तो शनिवारच्या सूर्यास्ताला सुरू होई. तेव्हापासून रविवार संध्याकाळपर्यंत काम बंद. म्हणून शनिवारी बीन्सची हंडी भट्टीत जाई. विटांची भट्टी एकदा तापली की तासन् तास धग धरून ठेवते. शनिवारी रात्री गरम बीन्स आणि मका-राईच्या पिठाचा ब्राउन ब्रेड खायचा, उरलेले रविवारी सकाळी. शब्बाथच पाळणाऱ्या ज्यूंचा चोलंत हा पदार्थ याच गरजेतून आला: आदल्या दिवशी चढवायचं आणि मंद आचेवर सोडून द्यायचं. ज्यांच्या घरी भट्टी नव्हती त्यांच्या हंड्या पुढे शहरातले बेकरीवाले गोळा करून नेत आणि शिजवून परत आणून देत. वेळेची पहिली ढकलाढकल ती.

गोडवा नंतर शिरला, आणि तो मळीचा. उसाच्या रसातून साखर काढून उरणारी काळी, घट्ट, कडसर मळी. कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत गुलाम बनवून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या श्रमावर साखर निघे आणि तिची मळी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या ईशान्य प्रदेशाच्या, बंदरांत पिंपांनी उतरे. बदल्यात इथून खारवलेला कॉड मासा आणि लाकूड जाई. मळीपासून रम गाळली जाई आणि त्यातली काही रम पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला वापरली जाई. बॉस्टनच्या स्वयंपाकघरात मळी साखरेपेक्षा स्वस्त होती, त्याचं कारण हा व्यापार. ब्रिटिशांनी 1733 मध्ये परकी बेटांवरून येणाऱ्या मळीवर गॅलनला सहा पेन्स जकात लावली, तेव्हा व्यापाऱ्यांनी सरळ चोरटी आयात केली. 1764 मध्ये जकात निम्मी करून वसुली कडक केली, तेव्हा खरी ओरड झाली. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांनी म्हातारपणी लिहून ठेवलंय, की अमेरिकी स्वातंत्र्याच्या पाककृतीत मळी हा आवश्यक जिन्नस होता हे कबूल करायला लाजायचं कशाला.

15 जानेवारी 1919 रोजी बॉस्टनच्या नॉर्थ एंड वस्तीत मळीची प्रचंड टाकी फुटली, सुमारे 87 लाख लिटर मळी रस्त्यांवर लोटली आणि 21 माणसं मेली. बॉस्टनच्या बीन्सबद्दल लिहिताना हा अपघात हटकून येतो, पण त्या टाकीतली मळी औद्योगिक अल्कोहोलसाठी होती. आपल्या साखर कारखान्यांची मळीही आसवनीकडेच जाते.

मळीचा एक उपयोग मात्र चवीपलीकडचा आहे. ती किंचित आम्ल असते आणि तिच्यात कॅल्शियम असतं. दोन्हींमुळे बीन्सची सालं घट्ट राहतात आणि आठ-आठ तास भट्टीत राहूनही दाण्यांचा लगदा होत नाही. त्याच कारणाने कच्च्या बीन्समध्ये ती सुरुवातीलाच भरपूर ओतली, तर दाणा मऊच होत नाही.

भांड्याची गोष्ट याला जोडूनच येते. बॉस्टनची हंडी काचेरी झिलईची, मातीची, पोट मोठं आणि तोंड अरुंद. पाणी उडू नये हाच उद्देश. स्किलेट नेमकं उलटं आहे: पसरट, उथळ, पाणी झपाट्याने आटवणारं. ओतीव लोखंड त्या भागाला नवं नव्हतं. बॉस्टनजवळ सॉगस इथे 1646 च्या सुमारास लोखंडाची भट्टी चालू झाली आणि तिथे भांडी ओतली जात. चुलीच्या काळातल्या स्किलेटला तीन पाय आणि लांब दांडा असे, म्हणजे ते निखाऱ्यांवर उभं राही. एकोणिसाव्या शतकात सपाट माथ्याचे लोखंडी स्टोव्ह घरोघर आले आणि पाय गळून पडले. टेनेसीच्या साउथ पिट्सबर्गमधला लॉज कंपनीचा ओतकारखाना 1896 चा. पुढे अॅल्युमिनियम आणि नॉनस्टिकने बीड मागे पडलं. याच कंपनीने 2002 मध्ये कारखान्यातच तेल जिरवून तयार केलेली भांडी विकायला काढली आणि नव्या पिढीने स्किलेट परत हातात घेतलं. नवा बिडाचा तवा पहिल्या घावनाआधी किती दिवस छळतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या सोयीचं मोल कळेल.

पण आंबट पदार्थ तेलाचा तो थर खातात. मळी, टोमॅटो, व्हिनेगर असं सगळं बिडात आठ तास ठेवलं, तर थरही जाईल आणि बीन्सला लोखंडी चवही येईल. अर्धा तास चालतं. म्हणजे आंबटगोड रसातले बीन्स स्किलेटमध्ये करायचे, तर ते आधीच शिजलेले हवेत. (ईशान्येकडच्या मेन राज्यात जमिनीतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर रात्रभर पुरतात ती भांडी बिडाचीच असतात, पण ती खोल आणि झाकणबंद.)

शिजलेले बीन्स दिले डब्याने. डबाबंद अन्नाचं तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. शतक संपता संपता इंडियानापोलिसच्या व्हॅन कॅम्प कंपनीचे टोमॅटो सॉसमधले बीन्स अमेरिकाभर जाऊ लागले आणि 1895 पासून हाइन्झचेही बाजारात आले. हाइन्झच्याच बिनमांसाच्या बीन्सच्या डब्यावर 1923 मध्ये ज्यूंच्या कोशर आहाराचा शिक्का उमटला. अमेरिकेतल्या शाकाहारी मराठी घरांना आज ज्या डब्याचा आधार वाटतो, त्याची वाट अशी दुसऱ्यांच्याच सोवळ्यातून आली आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनिंगने डब्यातलं मांस गेलं ते गेलंच. टोस्टवर घेतात ते लालसर, पातळ बीन्स तेव्हापासून निर्मांस आहेत.

बहुतेक डब्यांतले बीन्स नावालाच बेक्ड. बंद डब्यात, सॉससकट, वाफेच्या दाबाखाली ते शिजतात. भट्टीचं तोंड त्यांनी पाहिलेलं नसतं. ओव्हनची कोरडी धग त्यांना पहिल्यांदा लागते ती घरच्या स्किलेटमध्येच, आणि काळ्या चिकट कडांना जी चव असते ती तिथलीच. त्यामुळे डबा वापरला म्हणून या कृतीला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आपल्याकडे डब्याऐवजी राजमा किंवा पांढरा घेवडा घेऊन, बेकनऐवजी लोणी आणि मळीऐवजी काकवी घालून हेच बिडाच्या कढईत करता येतं. डब्याचं काम कुकर करतो. दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, बोटाने सहज चिरडतील इतके आधी शिजवायचे, आंबट-गोड त्यानंतर. नुसते भिजवलेले दाणे थेट कढईत घालून ओव्हनच्या मंद आचेवर सोडून देऊ नयेत. राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, उलट्या-जुलाब घडवणारं एक प्रथिन असतं. ते मोडायला दाणे निदान दहा मिनिटं खळखळ उकळावे लागतात आणि मंद आचेवर कितीही वेळ ठेवले तरी ते नीट मोडत नाही.