लोगोतली वेलांटी भरकटते कशी?

'पाच मिनिटांत लोगो, तोही फुकट!' असल्या एआयवाल्या जाहिरातींचा सध्या नुसता सुळसुळाट आहे. मसाल्याचं पाकीट असो की गणेश मंडळाचा टी-शर्ट, चित्र खरंच देखणं मिळतं. घोळ होतो तो नावात. 'क्षितिज' मागावं, तर क्षला दोन पोटं, एक वेलांटी जच्या डोक्यावर आणि शेवटी बाराखडीत कुठेच नसलेलं अक्षर. मग आपण म्हणतो, एआयचं मराठी कच्चं आहे. पण 2022 च्या सुमाराची चित्रं काढणारी एआय मॉडेलं इंग्रजी पाट्याही धड लिहीत नव्हती. कारण ती लिहीतच नव्हती.

ती चित्र घडवत होती, आणि ती रीत 'डिफ्युजन' नावाची. एखादं चित्र घ्यायचं आणि त्यात थोडा थोडा गोंगाट, म्हणजे कसेही विखुरलेले ठिपके, मिसळत जायचं, शेवटी जुन्या टीव्हीवर दिसायच्या तशा नुसत्या मुंग्या उरेपर्यंत. 2020 च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात यासाठी 1000 पायऱ्या होत्या. न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायचं एकच: समोरच्या चित्रात गोंगाट कोणता मिसळलाय ते ओळख. हे जमलं की उलटा प्रवास करता येतो. निव्वळ मुंग्यांपासून सुरुवात करून ओळखलेला गोंगाट थोडा थोडा वजा करत गेलं, की आधी कुठेच नसलेलं चित्र तयार होतं. मला हे आजही थक्क करतं. यात 'आधी क, मग ष' असा क्रम मात्र कुठेच नाही. सगळी जागा एकदमच स्पष्ट होत जाते.

त्यात काटकसर. 'स्टेबल डिफ्युजन' या चित्रं काढणाऱ्या मॉडेलच्या पहिल्या आवृत्त्या हे काम थेट पिक्सेलवर करत नाहीत. 512×512 पिक्सेलचं रंगीत चित्र म्हणजे 7,86,432 आकडे. ते आवळून 64×64 कप्प्यांत, प्रत्येकी 4 आकडे, असे 16,384 केले जातात. म्हणजे 48 पट कमी. एका कप्प्याच्या वाट्याला साधारण 8×8 पिक्सेल येतात. गवताचं पातं इकडचं तिकडे झालं तर कोणाच्या लक्षात येतंय? पण सहा पिक्सेलचा अनुस्वार एका कप्प्यातच विरघळतो.

दुसरं कोडं आपण टाइप केलेल्या सूचनेचं. 'क्षितिज' संगणकात क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असं साठवलं जातं. सात चिन्हं, यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी 3 बाइट, एकूण 21. वेलांटी साठवताना षनंतर येते, दिसते मात्र क्षच्या आधी. स्टेबल डिफ्युजनसाठी सूचना वाचणारं 'क्लिप' हे मॉडेल बहुतांशी इंग्रजी मजकुरावर वाढलेलं. त्याच्या हाती या बाइटांचे तुकडे लागतात, अक्षरांचे आकार नाहीत.

2025 पासूनची काही मॉडेलं चित्रही तुकड्यामागून तुकडा असं क्रमाने घडवतात आणि अक्षरं बरीच सुधारली आहेत. तरी जोडाक्षर तपासूनच घ्यावं. 'वास्तुनुसार एआय लोगो' विकणाऱ्यांना तर लांबूनच नमस्कार. गल्ला लोगोतल्या ईशान्य कोपऱ्यामुळे भरत नाही.

माझं मत विचाराल तर चिन्ह एआयकडून घ्या, अक्षरं फॉन्टमधून. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' किंवा 'बलू' हे फॉन्ट मोफत आहेत. फॉन्टच्या फाइलीत वेलांटीची जागा, जोडाक्षराचा आकार माणसाने बसवून दिलेला असतो; तिथे अंदाजाचा प्रश्नच नाही.

शिवाय एआयचं चित्र पिक्सेलचं. दहा फुटी फ्लेक्सवर ते फाटतं, म्हणून फ्लेक्सवाला 'कोरलची फाइल द्या' म्हणतो, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची. त्याला हव्या असतात गणिती वक्ररेषा, कितीही ताणल्या तरी कडा तशाच. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रेस बिटमॅप' वापरून चिन्ह वक्ररेषांत आणता येतं. रंग दोन-तीनच असतील तर निकाल स्वच्छ येतो. नाव मात्र तिथेच फॉन्टमध्ये टाइप करा आणि फाइल देण्याआधी त्याचं 'पाथ'मध्ये, म्हणजे वक्ररेषांत, रूपांतर करा. फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर तो फॉन्ट असेलच असं नाही.