शाळा बांधली म्हणजे ईएसजी झाले का?

कंपनीने एखाद्या गावात शाळेच्या खोल्या बांधल्या, की तो फोटो वार्षिक अहवालात बरेचदा ‘ईएसजी’च्या, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार या निकषांच्या पानावर छापलेला दिसतो. खरे तर त्याची जागा सीएसआरच्या पानावर. दोन्ही शब्द समाज आणि पर्यावरणाबद्दलच बोलतात, म्हणून ही गल्लत होते.

सीएसआर म्हणजे कंपनीचे सामाजिक उत्तरदायित्व. कागदावर त्याची व्याख्या ऐसपैस आहे. आपल्यामुळे समाजावर जे परिणाम होतात त्यांची जबाबदारी, असे युरोपीय आयोगाने 2011 मध्ये म्हटले होते. व्यवहारात मात्र गाडी बहुतेक ठिकाणी एकाच प्रश्नापाशी थांबते: नफा झाला, त्यातून समाजाला किती दिले? भारताच्या 2013 च्या कंपनी कायद्याने तर आकडाच ठरवून दिला. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम खर्च करायची. सोबतच्या नियमांत एक बारीक कलम आहे: कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. कारखान्याने स्वतःचे सांडपाणी शुद्ध करून सोडले, तर तो काही परोपकार नव्हे.

मग त्या सांडपाण्याचा हिशेब कुठे लागतो? ईएसजीत. पर्यावरण, समाज आणि कारभार ही तिची तीन अंगे. नफ्याचे पुढे काय केले यापेक्षा तो कमावला कसा, हे इथे पाहिले जाते. पाणी किती उपसले, कामगार किती तास राबतात, संचालक मंडळाला जाब विचारणारे कोणी आहे का. त्यातही नजर फक्त स्वतःच्या कुंपणाआत ठेवून भागत नाही. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि 1,100 हून अधिक माणसे मेली. तिथल्या कारखान्यांत परदेशी ब्रँडचे कपडे शिवले जात. ते कारखाने मात्र त्या ब्रँडच्या मालकीचे नव्हते. अशा ब्रँडने कितीही दवाखाने उघडले असते, तरी सीएसआरच्या वहीत त्या इमारतीच्या भिंतींना गेलेले तडे दिसले नसते. पुरवठा साखळीबद्दल प्रश्न विचारला, तरच ते दिसण्याची शक्यता.

इथवर वाचून ईएसजी म्हणजे सज्जनपणाचे प्रशस्तिपत्र, असे वाटू लागेल. तसे मुळीच नाही. हा शब्द रूढ झाला 2004 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने वित्तसंस्थांनी मिळून काढलेल्या एका अहवालातून. त्यामुळे त्याचा वाचक पहिल्यापासून गुंतवणूकदार. कंपन्यांना ईएसजीचे गुण देणारी बरीचशी गुणांकने कंपनीमुळे जगाचे काय बिघडते यापेक्षा जगातल्या घडामोडींमुळे कंपनीचे किती बिघडेल, हे मोजतात. मे 2022 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी 500 या शेअर निर्देशांकाच्या ईएसजी आवृत्तीतून विजेवरच्या मोटारी बनवणारी टेस्ला बाहेर पडली आणि तेल उपसणारी एक्सॉनमोबिल आत राहिली. लोक चक्रावले. पण गुण देताना प्रत्येक कंपनीची तुलना तिच्याच उद्योगातल्या इतरांशी होते, आणि टेस्लाच्या बाबतीत कारखान्यातल्या कामाच्या परिस्थितीबद्दलच्या तक्रारीही विचारात घेतल्या गेल्या.

शिवाय गुण देणाऱ्यांच्या डोळ्यांत धूळही फेकली जाते. सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवागन डाउ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात मोटार उद्योगात अव्वल ठरली. त्याच महिन्यात तिच्या डिझेल गाड्यांमधली प्रदूषण चाचणी चकवणारी प्रणाली उघड झाली. जगभरात अशा गाड्या जवळपास 1 कोटी 10 लाख होत्या. पुढच्याच महिन्यात तिला यादीतून काढले.

युरोपीय संघाने 2022 मध्ये केलेल्या कायद्यात म्हणूनच दोन्ही दिशांनी हिशेब मागितला आहे: कंपनीला बसू शकणारा फटका आणि कंपनीमुळे इतरांना बसणारा फटका, दोन्ही अहवालात हवेत. हा कायदा लागू होणाऱ्या कंपन्यांची संख्या कमी करण्याचा प्रस्तावही 2025 मध्ये युरोपीय आयोगानेच मांडला.